सत्तूरचा सोयरा

आखाडाचा शेवटचा रविवार आला की मी सकाळी घराबाहेर पडत नाही. यंदा पडले, कारण चहात घालायचं आलं संपलं होतं. मंगळवार पेठेतल्या मटणाच्या दुकानांपुढं उजाडल्यापासून रांगा. भुरभुर पाऊस, डोक्यावर पोत्याच्या खोळी, हातात स्टीलचे डबे, आणि माणसं मांडवाला आल्यासारखी खुशीत. गटारातून वाहणारं पाणी तांबूस. टांगलेल्या धडांवर माश्या. पाऊस आला म्हणून त्या उडत नाहीत, उलट चिकटून बसतात. आणि आतून सतत एकच आवाज, ठक, ठक, ठक. चिंचेच्या ओंडक्यावर सत्तूर पडतो, त्याचा.

मी पदर नाकाला लावून निघाले होते. रांगेतले एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "बाई, नाक धरून कुठं निघालासा? जेवायला बसताना बी धरता काय?"

"मी बसतच नाही," मी म्हटलं.

"मग कोल्हापुरात ऱ्हाताच कशाला?"

रांग हसली. हसू दे. मी चांगल्या खाणाऱ्या घरात जन्मले, विशीपर्यंत आवडीनं खाल्लं, आणि एका आखाडात सोडलं. त्यात देवाधर्माचा संबंध नाही. गणित शिकवणारी बाई आहे मी, उपासतापास माझ्या हातून होत नाहीत. मला किळस बसली, एवढंच. ती मटणाची किती आणि माणसांची किती, हे वेगळं करून दाखवता येत नाही.

त्या आखाडाची गोष्ट आमचा दादा दरवर्षी सांगतो. वीसेक वर्षं झाली, तरी सांगतो. ताटावर बसलेल्या नव्या माणसाला कोपरानं ढोसून म्हणतो, "ह्या परसात बल्गेरियाचा माणूस बसलाय जेवायला. आणि तो सत्तूरला काय म्हणाला ठावं हाय? सातर! कुठं बल्गेरिया, कुठं कोल्हापूर!" नवा माणूस "आयला" म्हणतो, दादा मिशीवरून हात फिरवतो, आणि गोष्ट तिथं संपते. त्याची संपते.

सत्तूर ज्यांनी हातात धरला नाही त्यांच्यासाठी सांगते. हे हत्यार सुरीसारखं कापत नाही. पातं वीतभर रुंद, जाड, ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून घडवलेलं, मूठ आखूड. ते वजनानं पडतं आणि हाड तोडतं. भाजीला विळी, उसाला कोयता, सुपारीला अडकित्ता. सत्तूर फक्त हाडामांसाला. म्हणून आमच्याकडं तो स्वयंपाकघरात येत नसे. परसातल्या आडोशाला, पत्र्याखाली, खुंटीवर टांगलेला असे. मटण शिजायचं तेही परसात, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत. शिजवायचे पुरुष. त्याचं त्यांना मोठं कौतुक. पातेल्यात पळी फिरवणारा पुरुष म्हणजे स्वयंपाक करणारा. लसूण सोलणाऱ्या, खोबरं भाजणाऱ्या, पाट्यावर मसाला वाटणाऱ्या, वजडी धुणाऱ्या आणि शेवटी चरबीनं माखलेली भांडी राखेनं घासणाऱ्या बायका कोण, ते कुणी विचारत नाही.

त्या वर्षी घरात नवी सून होती. मालनवहिनी, दादाची बायको. माहेर नृसिंहवाडीचं. तिचे वडील आप्पा, यांचं देवळाच्या वाटेवर पेढ्या-बासुंदीचं दुकान. दत्ताचं कडक घर. अंडंसुद्धा कधी उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. सोयरीक ठरताना आप्पांनी हात जोडून एकच गोष्ट मागितली, आणि आमच्या आईनं सगळ्यांदेखत शब्द दिला, "तुमची पोर आमच्याकडं वशाटाला हात लावणार न्हाई. आणि आखाड लागला की ती तुमच्या दारात असंल."

दुसरी गोष्ट रीतीचीच होती. नव्या सुनेनं पहिला आखाड माहेरी काढायचा. न्यायला माहेरचं माणूस येतं, बाप नाहीतर भाऊ, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय सुनेनं जायचं नाही, आणि आलेल्या मुराळ्याला रिकामा पाठवायचा नाही. ज्यानं कुणी ही रीत काढली, त्याला आखाडातल्या स्वयंपाकघराची चांगली माहिती असणार.

वहिनीचं बोचकं बांधून तयार होतं. आणि नेमका तेव्हाच बल्गेरियन आला.

दादा उचगावच्या बाजूला एका फौंड्रीत सुपरवायझर होता. तिथं जड साचे उचलायचं विजेचं यंत्र परदेशातून आलं होतं, आणि ते बसवायला एक माणूस. नाव स्तोयान. दादा त्याला इंजिनियर म्हणायचा, तो स्वतःला मेकॅनिक म्हणायचा. रुंद मान, लाल कान, हाताच्या बोटांवर भाजल्याचे जुने डाग. दादानं त्याला आखाडाचं जेवायला आणलं, कारण मालकांच्या नजरेत भरायची तीच संधी होती. त्याचं इंग्रजी मोडकं, दादाचं त्याहून मोडकं. म्हणून कॉलेजात जाणारी मी, मसाल्याचे हात तसेच घेऊन, परसाच्या दारात उभी. तात्या पाटावर बसलेले. वडील लवकर गेल्यामुळं घरात मोठा आवाज त्यांचा, म्हणजे आमच्या धाकट्या काकांचा. मागच्या गल्लीतले उस्मानचाचा बोकडाचे तुकडे करत होते. पेठेतल्या निम्म्या घरांचा आखाड त्यांच्या हाताखालून जायचा.

स्तोयान उठला, चाचांजवळ गेला, हात पुढं केला. चाचांनी सत्तूर त्याच्या हातात दिला. त्यानं तो तोलून बघितला, पात्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "सातर."

"काय म्हणालं पावणं?" तात्या.

"सातर म्हणाले."

"साताऱ्याचं हाय का काय?"

सगळे हसले. स्तोयाननं पुन्हा सत्तूर उचलून दाखवला. "सातर."

चाचा म्हणाले, "सत्तूर."

"सातर."

"सत्तूर, रे बाबा, सत्तूर!"

मग तो हसला, चाचा हसले, आणि तात्यांनी मांडीवर थाप मारली. "आरं, हे तर आपलंच निघालं की! आपल्या रक्ताचं हाय पावणं!"

शेजारपाजारचे बोलावले गेले. प्रत्येकासमोर त्या बिचाऱ्याला सत्तूर धरून उभं केलं आणि वदवून घेतलं. कुणीतरी हुशारी करून विळा आणला, कोयता आणला, अडकित्ता आणला, माझ्या हाताखालचा वरवंटासुद्धा आणला. त्या प्रत्येकाला त्याच्या भाषेत भलतंच काहीतरी नाव होतं. ती नावं आजही कुणाला आठवत नाहीत. न जुळणारी चार हत्यारं सोडून द्यायची आणि जुळलेल्या एकाचा गोंधळ घालायचा, याला माझ्या विषयात लबाडी म्हणतात.

मी त्याला विचारलं, तुमच्याकडं हे कशाला वापरतात? तो खुलला. वडील खेड्यात खाटीक होते. हाडं तोडायला सातर, मांस बारीक कुटायलाही सातर. हिवाळ्यात, सणाच्या आधी, घरोघरी डुक्कर कापतात तेव्हा...

मी मराठीत सांगायला लागले आणि दादाचे डोळे बघून अडखळले. "त्यांच्याकडं थंडीत... जनावर कापतात."

"डुक्कर म्हणाला न्हवं?" उस्मानचाचा हात न थांबवता बोलले. "पिग. तेवढं इंग्लिश येतंय मला. सांग त्याला, सत्तूर आमचा, डुक्कर त्येचं."

परस हादरलं हसण्यानं. स्तोयानलाही मी ते सांगितलं. तो चाचांकडं बघून मान डोलवत राहिला. तोवर मला एक वेगळंच कुतूहल लागलं होतं. हा शब्द तुमचा मुळातला का? तो म्हणाला, नाही, तुर्कांचा. तुर्कांनी आमच्यावर कित्येक शतकं राज्य केलं. सातर म्हणजे नुसतं खाटकाचं हत्यार नाही, मुंडकी उडवणाऱ्या जल्लादाचंही. आजसुद्धा कुणाची नोकरी गेली, कुणाचं लिहिलेलं वरच्यांनी छाटलं, तर आम्ही म्हणतो, सातराखाली गेलं. आणि त्यानं आपल्या लाल मानेवरून बोट ओढलं.

"काय म्हणतोय?" तात्या आनंदानं.

"म्हणतोय, शब्द राज्यकर्त्यांनी आणला. आणि ह्यांची माणसंही त्यानंच तोडली."

"असूंदे, असूंदे. रस्सा वाढ त्याला."

पुढं नोकरीला लागल्यावर मी हे सगळं शाळेत उर्दू शिकवणाऱ्या शेखबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मूळ अरबी, सातूर. तिथून फारसीत आणि तुर्कीत. तुर्क पश्चिमेला गेले ते शब्द घेऊन बल्गेरियात पोचले. इकडं दख्खनच्या सुलतानांच्या मुदपाकखान्यातून तो आमच्या बाजारात उतरला आणि जिभेवर जड होऊन सत्तूर झाला. बाईंनी वहीच्या कोपऱ्यावर मला तो अरबी अक्षरांत लिहूनही दाखवला. त्याच अक्षरांपासून म्हणे लिहिण्याच्या ओळीचा शब्द निघतो. खरंखोटं त्यांना माहीत. मला एवढं पटलं की शब्द प्रेमापोटी इतका लांबचा प्रवास करत नाहीत. फौजेबरोबर आचारी जातो, आचाऱ्याबरोबर सत्तूर जातो, आणि ज्याची मान खाली आहे तो त्याचं नाव मुकाट्यानं शिकतो. त्यात रक्ताचं नातं कुठून आलं?

पण आमच्या घरात ते आलं होतं, आणि नात्याला पंगती लागतात. पहिल्या जेवणानंतर गल्लीतल्यांना पाव्हणा बघायचा होता, मग तात्यांच्या तालमीतल्या मंडळींना, मग फौंड्रीतल्या लोकांना. प्रत्येक वेळी बोकड. प्रत्येक वेळी पाव्हण्यानं सत्तूर उचलायचा, "सातर" म्हणायचं, टाळ्या. तिसऱ्या वेळेला त्याच्या चेहऱ्यावर मी जो कंटाळा बघितला, तो मी वर्गात शेवटच्या बाकावर रोज बघते.

आणि पावसात ते सगळं धुवायचं. थंड पाण्यानं चरबी निघत नाही, बोटांच्या बेचक्यात मेणासारखी बसते. मुंडी जाळावर धरली की केस जळाल्याचा वास घरभर, तो वाळत घातलेल्या, कधीच न वाळणाऱ्या लुगड्यांत शिरतो. वजडी, म्हणजे बोकडाचं पोट, उलटी करून, चुना लावून, पुन्हा पुन्हा खंगाळायची. बोटांना आतून खरखरीत टॉवेलसारखी लागते, आणि कितीही धुतली तरी शेवटच्या पाण्यालाही हिरवट झाक असते. कॉलेजात माझ्या शेजारची मुलगी बाक बदलून बसली. मी तिला नावं ठेवली नाहीत, मलाही जमलं असतं तर मी माझ्यापासून उठून गेले असते. पुरुष जेवून उठले की ओसरीवर काड्या घालून दात कोरत बसायचे, ढेकर द्यायचे, आणि पत्रावळीवर चोखून टाकलेल्या हाडांचे ढीग आम्ही उचलायचो. ती हाडं अजून ओली असायची. लाळेनं.

वहिनी आतल्या चुलीवर स्वतःपुरती भाकरी थापायची, पण धूर कुठं भिंत बघून येतो? तिला घास जात नव्हता. ती मागच्या मोरीत जाऊन ओकायची आणि तोंड पुसून परत यायची. शब्द मोडला असं कुणी म्हणालं नाही. तो कडेकडेनं मोडत गेला. आधी, नुसतं पाणी आणून दे. मग, मसालाच तर वाटायचा आहे, मसाला काय वशाट असतो? मग, एवढी भांडी घाल पालथी. आईला दिसत होतं.  तिच्या ओठांची नुसती रेघ झाली होती.

तात्या म्हणायचे, "सवय हुईल. सगळ्यास्नी हुती."

मग एका दुपारी आप्पा आले, मुराळी म्हणून. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात पेढ्यांचा पुडा. आत पंगत चालली होती. ते बाहेरच्या कट्ट्यावरच टेकले. मी पाणी नेलं तर त्यांनी तांब्या हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि तसाच खाली ठेवला. माझ्या हाताचा वास आला असणार.

दादा बाहेर आला. "पावणं जाऊंदे, मग धाडतो तिला."

"पाणी चढाय लागलंय," आप्पा म्हणाले. "शिरोळकडचा रस्ता एकदा पाण्याखाली गेला की मग झालंच. आखाड सरंल."

"मग पुढच्या आखाडाला."

"पयला ह्योच असतोय की, जावईबापू."

"आता घरात परदेशचं माणूस हाय. माझ्या नोकरीचा सवाल हाय. तुमास्नी कळत कसं न्हाई?"

आप्पांनी पुडा कट्ट्यावर ठेवला आणि गेले. वहिनी दाराआड होती. तिनं बोचक्याची गाठ सोडली, पुन्हा घट्ट बांधली, आणि खुंटीखाली ठेवून दिलं. रडली असती तर बरं वाटलं असतं. नदी रोज चढत होती. बाजारातून आलेला प्रत्येक माणूस आता घाटाची कुठली पायरी बुडाली ते सांगायचा, आणि वहिनी भाकरी थापता थापता हात थांबवून ते ऐकायची.

शेवटच्या रविवारची पंगत सर्वांत मोठी. फौंड्रीचे मालक स्वतः आले, गळ्यात कॅमेरा. परसात माणूस मावेना. त्यांनी सत्तूर धरलेल्या स्तोयानचा फोटो काढला, चाचांबरोबर काढला, तात्यांबरोबर काढला. मग त्यांना सुचलं, "घरच्या सूनबाईंना बोलवा की. पाव्हणे एका बाजूला, सूनबाई ओंडक्यावर तुकडे करताना. तिकडं बल्गेरियात दाखवतील, कोल्हापूरची बाई कशी असते."

दादा आत आला. "मालन, चल. फोटो काढायचाय."

"मी हात लावणार न्हाई."

"नुसता धरायचा. कापायला कोण सांगतंय?"

"धरणार न्हाई."

"मालक उभं हायत बाहेर! माझी अब्रू घालवतीस काय?"

त्यानं तिचं मनगट धरलं. ती स्वतःच्या पायांनी बाहेर आली, पण मनगट त्याच्या हातात होतं. ओंडक्यावर मांस पडलेलं, त्यावर आडवा सत्तूर. मालकांनी कॅमेरा डोळ्याला लावला. तात्या म्हणाले, "धर गं, धर. सोन्याचा हाय का, भ्यायला?"

वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. पांढरी पडली होती, पण आवाज स्वच्छ. "मामंजी, एक इचारू?"

"इचार की."

"हे पावणं आपल्या रक्ताचं न्हवं?"

"म्हंजे काय! सगळ्या पेठेला ठावं हाय."

"मग माझं कोण लागलं?"

तात्या फुलले. एवढी माणसं, मालक, कॅमेरा. "तुजं? तुजा भाऊच समज की!"

"समजलं," वहिनी म्हणाली. "मग भाऊ बहिणीला आखाडाला न्यायला आलाय. बापाला रिकामा धाडलासा, भावाला तरी धाडू नका. माझा मुराळी ह्योच."

 मालकांनी कॅमेरा खाली घेतला. स्तोयान माझ्याकडं बघत होता, काय झालं म्हणून.

"शांते," दादा दातांतून म्हणाला, "त्याला काय सांगू नगंस."

मी सगळं सांगितलं. शब्द, रीत, आप्पा, पेढ्यांचा पुडा, चढलेलं पाणी, आणि ओंडक्यावर पडलेलं ते. माझं इंग्रजी काही फार चांगलं नव्हतं, पण त्या दिवशी मला एकही शब्द शोधावा लागला नाही. स्तोयाननं एकच विचारलं, "ती खात नाही?" मी म्हटलं, "ती शिवतही नाही." त्यानं ओंडक्याकडं बघितलं, आजपर्यंत त्याला घातलेल्या सगळ्या पंगती त्याच्या तोंडावर एकदम आल्या असाव्यात. त्यानं सत्तूर उचलला, चाचांच्या पायाशी नेऊन ठेवला, राखेची मूठ घेतली आणि हात धुवायला लागला. कोपरापर्यंत. खूप वेळ.

"असं कुठं असतंय काय?" तात्यांना आवाज फुटला. "परक्या माणसाबरूबर घरची सून?"

उस्मानचाचा सत्तूर पुसत म्हणाले, "परका कसा? आत्ताच रक्ताचं म्हणालासा की."

पंगतीतून कुणीतरी खुसकन हसलं. मग दुसरं. कोल्हापुरात माणूस वाघाला भिणार नाही, पण पंगतीत हसं झालं की संपला. तात्या पाटावर बसले आणि समोरच्या ताटात बघायला लागले. दादा मालकांकडं बघत होता. मालक लेन्सवरचे थेंब पुसत होते, फार बारकाईनं.

तेवढ्यात आई बाहेर आली. तिच्या काखेत वहिनीचं बोचकं. "शांता जाईल संगट," ती म्हणाली. "शब्द मी दिलता. तुमी कोण मोडणार?" एवढे दिवस ही बाई कुठं होती, असं माझ्या मनात आलं. आईबद्दल येऊ नये ते त्या आखाडात पुष्कळ मनात आलं.

फौंड्रीच्या जीपमध्ये पुढं ड्रायव्हर आणि स्तोयान, मागं आम्ही दोघी. शिरोळच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी उसात शिरलेलं, एका ठिकाणी ते डांबरावरून सरकत होतं. ड्रायव्हर काचेबाहेर मान काढून सारखा पुटपुटत होता. वहिनी बोचकं मांडीवर धरून पाण्याकडं बघत होती. मी हात मांडीखाली दाबून बसले होते, कारण वास येत होता आणि तिच्यात नि माझ्यात वीतभर अंतर होतं.

वाडीला आप्पांच्या घरात स्तोयान आत आला नाही. त्याच्या शर्टावर डाग होते, ते त्यानं बोटानं दाखवले आणि अंगणातच उभा राहिला. आप्पांनी त्याला पेलाभर तापवलेलं दूध दिलं. त्यानं ते उभ्यानं प्यायलं, सगळ्यांना एकदा मान लववली आणि पाणी वाढायच्या आत गेला. यंत्र बसवून तो महिन्याभरात आपल्या देशी परतला, असं नंतर कळलं. त्याला कोल्हापूरबद्दल काय वाटलं असेल, याचा विचार करून मला आजही लाज वाटते, आणि थोडं हसूही येतं.

त्या रात्री रस्ता बंद झाला. देवळात पाणी शिरलं. मी अडकले, कॉलेज बुडालं. पहिले दोनतीन दिवस मला त्या घरातलं तापणारं दूधसुद्धा उग्र वाटायचं. माझं नाकच मुळी सडलं होतं. मग हळूहळू ते सुटत गेलं. वहिनी दिवसा झोपायची, उठून ताक-भात खायची, पुन्हा झोपायची. तिच्या गालांवर रंग यायला लागला. मी तिच्याकडं बघत विचार करायची. किळस म्हणजे नखरा, असं मला लहानपणापासून शिकवलं होतं. गरिबीत किळस परवडत नाही, बाईला किळस शोभत नाही, सवय कर. पण किळस पोटात असते म्हणून माणूस काय गिळायचं नाही ते ओळखतो. ती मारून टाकली की मग काहीही गिळतो, आणि वर मिशीवरून हात फिरवतो.

श्रावण लागला, पाणी उतरलं, रस्त्यावर चिखलाचा थर राहिला. दादा आला. एस.टी.नं, एकटा, डोक्यावर ओली छत्री. आप्पांनी पाट दिला, दूध दिलं. त्याची नोकरी गेली नव्हती, मालक त्या फोटोचा विषय पुन्हा कधी काढत नव्हते. पण दादा वाळलेला दिसत होता. तो पेला हातात फिरवत राहिला, आणि कुणीच विचारत नाही म्हटल्यावर स्वतःच म्हणाला, "न्यायला आलोय."

आप्पांनी आत बघितलं.

वहिनी दारात आली. "पुढच्या आखाडाला?"

"आप्पा येतील. मी आडवा येणार न्हाई."

"आणि घरात?"

दादानं माझ्याकडं बघितलं. मी काही त्याचं मराठीतून मराठीत करून देणार नव्हते. "घरात बी," तो म्हणाला. "न्हाई लावणार हात. कुणी लावाय सांगितला तर मी हाय."

"हे त्या दिशी म्हणाला असतासा," वहिनी म्हणाली, "तर त्या बिचाऱ्याला माझा भाऊ व्हावं लागलं नसतं."

 तिनं आप्पांना वाकून नमस्कार केला, बोचकं उचललं आणि नवऱ्याच्या हातात दिलं. मग चप्पल घातली आणि चिखलातून, साडी एका हातानं वर धरून, एस.टी.च्या थांब्याकडं चालायला लागली. पुढं ती, मागं बोचकं घेऊन दादा.

मी तिच्या बरोबरीनं निघाले.